अल्प वेतनाचा दप्तरदार

आमच्या अंगणात जास्वंदीची दोन, अनंताचे एक आणि प्राजक्ताचे एक अशी चार झाडे आहेत, आणि ती आमच्या मालकीची आहेत यास मिळकतपत्रिकेचा उतारा साक्ष आहे. तथापि त्यांच्या फुलांचा लाभ मात्र, पहाटेच्या काळोखात आकडी बांधलेली काठी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कुंपणाबाहेर संचार करणाऱ्या कोणा अज्ञात भाविकाच्या देव्हाऱ्यास होतो, आणि आमच्या देवांना कळ्या व पाने यांवर समाधान मानावे लागते. पुण्यात ही चोरी समजली जात नाही. देवासाठी नेलेल्या फुलाला मालक नसतो असा येथला एक अलिखित दंडक आहे, आणि तो ज्यांच्या दारी झाड नाही अशांनी घालून दिला असावा, असा मला फार दिवसांचा संशय आहे.

ही हकीकत आमच्या कुटुंबाने बंगळूरच्या चिरंजीवांना फोनवर सांगितली. माझ्या समजुतीप्रमाणे तो केवळ बोलण्याचा ओघ होता. परंतु आईने उच्चारलेले कोणतेही दुःख यंत्र धाडून निवारता येते अशी अलीकडच्या मुलांची श्रद्धा असल्यामुळे, आठच दिवसांत चार कॅमेरे एका खोक्यातून दाराशी येऊन दाखल झाले. पाठोपाठ फोन आला, "बाबा, कॅमेरे पाठवलेत. त्यांना लागणारा रेकॉर्डर तेवढा तिथेच बघून घ्या. फार महाग नको, साधासा चालेल."

'साधासा' हे विशेषण मी नोकरीत असताना एकदा ऐकले होते. अभिलेखकक्षासाठी एखादा साधासा कारकून बघा, असा तोंडी हुकूम वरून झाला, त्याप्रमाणे एक गृहस्थ रुजू झाले, आणि त्यांनी 'क'पासून 'ज'पर्यंतच्या सर्व गावांचे फेरफार पहिल्या पंधरवड्यातच एका रुमालात बांधून टाकले. ते सोडवून पुन्हा गावनिहाय लावण्यात माझ्या उमेदीची चार वर्षे गेली. तेव्हापासून दप्तर सांभाळणारा, मग तो हाडामांसाचा असो की पत्र्याचा, पारखून घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे.

आणि हे यंत्र, त्याचे इंग्रजी नाव बाजूस ठेवून पाहिले तर, दप्तरदाराहून निराळे काही नाही. कॅमेरा पाहतो, पण पाहण्यात काय मोठेसे आहे? आमच्या समोरच्या खिडकीतून ते काम अहोरात्र विनावेतन चाललेले असते. पाहिलेले जपून ठेवावे, मागितले असता बिनचूक काढून द्यावे, आणि मुदत सरल्यावर नष्ट करावे, ही खरी दप्तरदारी. आणि त्यांतही नष्ट करण्याचे कर्तव्य सर्वांत अवघड, हे सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला निराळे सांगावे लागत नाही. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग तीस वर्षांचा, असे उतरत उतरत 'ड' वर्गाचे आयुष्य वर्षभराचे असते. त्याखाली वर्ग नाही, असा माझा समज होता.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीचे नाव तपकिरीचे आणि धंदा विजेच्या सामानाचा आहे. तेथे एका बोळवजा दुकानात, तारांच्या वेटोळ्यांमध्ये शेषशायी मुद्रेने बसलेल्या एका तरुणाने माझे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच विचारले, "डीव्हीआर की एनव्हीआर, काका?"

या दोन अक्षरसमूहांमधला फरक मी घरून अभ्यासून गेलो होतो, आणि तो मला मनापासून आवडलाही होता. डीव्हीआर जातीच्या यंत्राला जोडलेले कॅमेरे नुसतेच साक्षीदार; त्यांचा कच्चा जबाब जाड गोल तारेतून येतो आणि तो लिहून घेण्याचे श्रम यंत्राला करावे लागतात. एनव्हीआरचे कॅमेरे मात्र स्वतः साक्षर असतात. ते जागच्या जागी आपला अहवाल तयार करून, आकड्यांत रूपांतरित करून, संगणकाच्या जाळ्याच्या तारेतून रवाना करतात, आणि यंत्राकडे तो दाखल करून घेऊन बासनात बांधण्याचेच काम उरते. चिरंजीवांनी धाडलेले कॅमेरे साक्षर जातीचे होते. मी "एनव्हीआर" म्हणालो, आणि माझ्याविषयीचा आदर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटून गेल्याचा मला भास झाला.

"चार चॅनल की आठ?"

कॅमेरे चार होते, म्हणून मी चार म्हणालो. त्यावर त्याने अत्यंत वत्सल स्वरात सांगितले की, काका, कॅमेरा वाढतोच. हे विधान त्या वेळी मला विक्रेत्याचे वाटले. पण घरी पाऊल टाकताच कुटुंबाने, आता आणतोच आहोत तर एक कॅमेरा गॅसवरच्या दुधावरही असावा, असा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्याच्या अनुभवाची थोरवी पटली. मात्र आठांच्या मोहात पडण्यापूर्वी खोक्यावरचे बारीक अक्षर वाचावे, ही सरकारी चाकरीने लावलेली सवय येथे कामास आली. चॅनलची संख्या बोटभर उंचीच्या अक्षरांत असते. परंतु सर्व कॅमेऱ्यांची मिळून सेकंदाला किती मेगाबिट आवक यंत्र पेलते, हे मुंगीच्या अक्षरांत असते, आणि स्वस्तातल्या आठ चॅनलवाल्यांत पुष्कळदा असे असते की आठही कॅमेरे पूर्ण स्पष्टतेने बोलू लागले तर बारनिशीच्या खिडकीशी रांग लागावी. आठ दारे आणि एकच दरवान, अशा वाड्यापेक्षा चार दारांचा वाडा बरा.

पुढचा प्रश्न वेतनाचा निघाला, म्हणजे कॅमेऱ्यांच्या. या साक्षर कॅमेऱ्यांची सोय अशी की, ज्या तारेतून त्यांचे टपाल येते त्याच तारेतून त्यांना विजेचा शिधाही पाठवता येतो. या पद्धतीस पीओई म्हणतात. तिचा पहिला सर्वमान्य नियम २००३ साली ठरला, आणि त्यान्वये एका दारातून जास्तीत जास्त १५.४ वॉट शिधा देता येतो. तार १०० मीटरांपलीकडे नेऊ नये असाही दंडक आहे. आमचे सबंध आवार इकडून तिकडे तीस मीटर भरत नसल्याने तो मोडण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. पण खोक्यावरच्या मुंगीच्या अक्षरांत येथेही एक गोम असते. प्रत्येक दाराचा हक्क एक, आणि सर्व दारांना मिळून तिजोरीत शिल्लक किती, ते वेगळे. दिवसा कोणाचीच तक्रार नसते. रात्री काळोखात दिसावे म्हणून चारही कॅमेरे आपापले तांबूस दिवे लावतात, मागणी वाढते, आणि तिजोरी तोकडी असेल तर ऐन मध्यरात्री एखादा पहारेकरी मूर्च्छा येऊन पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. चोरांचीही कामाची वेळ तीच असल्यामुळे या एका रकमेत काटकसर करू नये, असे मी त्याच ठिकाणी ठरवले.

त्यानंतर किमतीचा आकडा निघाला. तो माझ्या मंजूर रकमेच्या पुष्कळ आत असल्याचे पाहून मी खिशात हात घातला, तोच तो म्हणाला, "हार्ड डिस्कसोडून."

दप्तरदार नेमला, त्याचे वेतन ठरले, आणि कपाट मात्र उमेदवाराने नव्हे तर यजमानाने आणायचे, हा न्याय मला नवा होता. स्वस्त रेकॉर्डरच्या स्वस्ताईचे निम्मे रहस्य या 'सोडून'मध्ये दडलेले आहे. घरी जुन्या संगणकातली एक डिस्क पडून आहे, ती चालेल काय, असे विचारताच त्याने मान हलवली. ती बिचारी दिवसाकाठी काही तास, मध्ये विसावा घेत, वाचण्यालिहिण्यासाठी घडवलेली, आणि येथे तर रात्रंदिवस, सणवार न पाळता, केवळ लिहीतच राहायचे. त्यासाठी पहाऱ्याच्या कामाची निराळी डिस्क मिळते, तीच घालावी, असा त्याचा आग्रह होता, आणि तो प्रामाणिक होता.

"किती दिवसांचा बॅकअप पाहिजे?"

"तीस वर्षे," असे 'ब' वर्गाच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेले.

"दिवस विचारतोय, काका."

मग त्याने बिलबुकाच्या पाठीवर जो हिशेब मांडला तो मी जपून ठेवला आहे. आमच्यासारखा चार मेगापिक्सेलांचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहितो असे धरावे. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणून आठाने भागले की दिवसाचे २१,६०० मेगाबाइट, म्हणजे २१.६ जीबी, चौघांचे मिळून ८६.४ जीबी. एक टीबीच्या, म्हणजे हजार जीबीच्या डिस्कमध्ये हे साडेअकरा दिवस मावते. बाराव्या दिवशी काय होते, या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, "पहिला दिवस पुसून त्याच्यावर लिहितो." म्हणजे 'ड'च्या खाली वर्ग होता तर! गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दफ्तरातले वेचे पंचेचाळीस खंडांत छापून काढले, ते शंभर-दोनशे वर्षांचे कागद कोणी पुसून त्यांवर दुसरे काही लिहिले नव्हते म्हणून. शनिवारवाड्यावर असला दप्तरदार असता तर पानिपतची बातमी पुण्यास पोहोचेपर्यंत उदगीरच्या विजयाची पाटी कोरी झाली असती.

सेकंदाला दोन मेगाबिट हा आकडाही सरसकट नाही. तो हस्ताक्षरावर अवलंबून आहे, आणि या विषयातला हा भाग मला सर्वांत जवळचा वाटला. जुनी लेखनपद्धती एच २६४ या नावाची, २००३ सालची. नवी एच २६५, २०१३ सालची. तेवढेच चित्र नवी साधारणतः निम्म्या जागेत बसवते. जुन्या हस्ताक्षरात चार मेगाबिट लागतात, आणि आपली तीच डिस्क पावणेसहा दिवसांत भरते. दोन्ही पद्धतींचे मर्म एकच आहे, ते असे की प्रत्येक चित्र समग्र लिहायचे नाही. दर एक-दोन सेकंदांनी एक चित्र साद्यंत उतरवायचे: अंगण, कुंपण, जास्वंद, वाळत घातलेले धोतर. नंतरच्या चित्रांत केवळ जे बदलले तेवढेच नोंदवायचे. हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ही तर आमची 'सदरहू' आणि 'मजकूर'! एकदा इसमाचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा, राहणार कोठला हे सविस्तर लिहिले की पुढे पानेच्या पाने 'मजकूर इसम' एवढ्यावर चालवणारा जो कोणी पहिला कारकून झाला असेल, त्याच्या वारसांना या यंत्रांच्या विक्रीतून काही स्वामित्वधन मिळावयास हरकत नव्हती. जुनी लिपी बाळबोध म्हणावी, तर नवी ही बोरू न उचलता धावणारी मोडी. आणि मोडीप्रमाणेच तिच्यात एक अडचण आहे. सर्वांनाच ती वाचता येत नाही. स्वस्तातला एखादा जुना नग घरी नेला आणि त्याला ती येत नसेल, तर साक्षर कॅमेरे आणि निरक्षर दप्तरदार असा विपरीत प्रकार होतो. म्हणून 'एच २६५' ही अक्षरे खोक्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि मगच पुढे गेलो.

कॅमेरे एका घराण्याचे आणि रेकॉर्डर दुसऱ्या, तर सोयरीक जमणार कशी, ही शंका मी काढली. त्यास 'ऑनव्हिफ' हे उत्तर मिळाले. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन परस्परस्पर्धी कंपन्यांनी २००८ साली एकत्र बसून, आपल्या यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे याचा जो करार केला, त्याचे हे नाव. मात्र सोयरीक जमते ती लग्नापुरती. चित्र येते, पण माणूस कोणता आणि मांजर कोणते हे ओळखण्यासारखी जी खास विद्या कॅमेऱ्याच्या अंगी असते, ती परक्या घरी गेल्यावर पुष्कळदा मुकी होते, आणि सासरची मंडळी तिला नुसती 'हालचाल' म्हणू लागतात. याचा प्रत्यय आम्हांस लवकरच यायचा होता.

पैसे देण्यापूर्वी त्याने एक गोष्ट बजावली, आणि त्यासाठी मी त्याचा ऋणी आहे: परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीने जगभरातले लक्षावधी कॅमेरे आणि रेकॉर्डर, कारखान्यात घातलेला परवलीचा शब्द कोणी बदललाच नव्हता एवढ्या एका भांडवलावर वश करून घेतले, आणि ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी त्यांतल्या पुष्कळांना एकाच कंपनीच्या दारावर असे काही सोडले की अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची दारे काही तास उघडेनात. ज्याला घरच्या राखणीसाठी ठेवले तो पहारेकरी रात्री परमुलखात दरोडा घालून येतो आणि सकाळी निर्विकारपणे दारात उभा असतो, ही कल्पना मला इतकी भयंकर वाटली की मी बारा अक्षरांचा, अंक आणि चिन्हे यांनी युक्त असा शब्द रचला, आणि तो विसरू नये म्हणून एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या माथ्यावर चिकटवला. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२५पासून असे कॅमेरे तपासणीवाचून बाजारात आणण्यास मज्जाव केला आहे; पण माथ्यावरच्या चिठ्ठीची तपासणी त्यात अंतर्भूत नसावी.

जोडणीस आलेल्या मुलाने तारेच्या टोकाशी आठ रंगीत धागे सोडवून ते नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा अशा क्रमाने पुटपुटत लावले, तेव्हा कुटुंबाने त्याला आदराने चहा दिला. तिला वाटले तो मंत्र म्हणतो आहे. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आमच्या घराचे चार चौकोन उमटले. हे असले कोणाच्या डोक्यातून निघाले असेल, असे तिने विचारले, म्हणून मी तिला न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची हकीकत सांगितली. नवरा-बायकोच्या कामाच्या वेळा जुळत नसत, एकटीने दार उघडायचे भय वाटे, म्हणून तिने दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोके, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आत पडद्यावर चित्र अशी योजना केली. १९६६ साली नवऱ्यासह अर्ज गुदरला आणि १९६९ साली त्यांना पेटंट मिळाले. कुटुंबाने शांतपणे ऐकून घेतले. "चार भोकं," ती म्हणाली, "म्हणजे तिलाही चारच लागले. तुम्ही आठवाला घेतला नाहीत ते बरं केलंत." दुधाचा प्रस्ताव अशा रीतीने आपोआप निकालात निघाला.

पहिल्याच दिवशी पुराव्याने घोटाळा केला. दूधवाला पावणेसहाला येतो असे आम्ही दोघेही वीस वर्षे समजत होतो. यंत्राच्या दप्तरी तो सव्वाआठला आल्याची नोंद निघाली. कुटुंबाचे म्हणणे, तिने पावणेसहाला स्वहस्ते पातेले पुढे केले होते. मी आयुष्यभर तोंडी साक्षीपेक्षा कागद मानत आलेला मनुष्य. मी यंत्राची बाजू घेतली, आणि घरात दोन दिवस ताण राहिला. तिसऱ्या दिवशी सूर्योदय साडेनऊला झाल्याचे दप्तरात दिसले, तेव्हा माझी निष्ठा डळमळली. चिरंजीवांनी फोनवर उलगडा केला की, यंत्राचा जन्म चीनचा, त्याचे घड्याळ अजून माहेरच्या वेळेवर आहे, आणि ती वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. मी दूधवाल्याची मनातल्या मनात क्षमा मागितली. कुटुंबाची उघड मागावी लागली.

घड्याळ मार्गी लागले तोच फोन रात्रभर वाजू लागला. 'हालचाल आढळली', 'हालचाल आढळली'. तांबूस दिव्यांना भुलून चिलटे येतात, चिलटांसाठी कोळी येतो, आणि कॅमेऱ्याच्या भिंगासमोरच संसार थाटतो. पडद्यावर तो खेकड्याएवढा दिसतो आणि त्याच्या प्रत्येक पावलाची वर्दी बंगळुरापर्यंत जाते. उपाय एकच, लांब काठीला केरसुणी बांधून जाळे काढणे, आणि ते पहाटे काढलेले बरे, म्हणून मी माकडटोपी घालून, काठी घेऊन, कुंपणाशी टाचा उंचावून उभा असता, फिरायला निघालेले शेजारी थबकले, माझ्याकडे आणि काठीकडे आळीपाळीने पाहिले, आणि "तुम्हीसुद्धा का?" एवढेच म्हणून पुढे गेले.

संकष्टीच्या पहाटे अखेर तो आला. चित्र स्वच्छ होते. एवढे श्रेय मोडीला दिले पाहिजे. वयस्क गृहस्थ, माकडटोपी, स्वेटर, हातात आकडीची काठी. त्याची नजर कॅमेऱ्यावर गेली. तो पळेल असे मला वाटले होते. त्याने काठी कुंपणाला टेकवून ठेवली, वहाणा काढल्या, कॅमेऱ्यास हात जोडले, आणि अर्धा मिनिट त्याच्याशी काही बोलला. मग काठीला न शिवता, हातांनी, तांबड्या जास्वंदीची मोजून पाच फुले घेतली, पुन्हा हात जोडले, वहाणा घातल्या आणि गेला.

आमच्या कॅमेऱ्यांना कान नाहीत, हे खोक्यावर मुंगीच्या अक्षरांतही लिहिलेले नव्हते. तो काय म्हणाला यावर आमच्या घरी खल झाला. कुटुंबाच्या मते त्याने क्षमा मागितली. माझ्या मते तो फुले तोडण्यापूर्वी झाडाला म्हणायचे काहीतरी म्हणत होता आणि कॅमेरा केवळ वाटेत आला. चिरंजीवांनी ओठ वाचण्याचा यत्न करून 'पाचच' हा शब्द असावा असे कळवले. आम्ही ते चित्र रोज रात्री जेवणानंतर लावत असू. पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, तर ते टीव्हीला वाचता येईना, फोनलाही येईना. आणि दुकानदाराकडे जाऊ जाऊ म्हणता बारावा दिवस उजाडला. त्या रात्री लावले, तर संकष्टीची पहाट जागेवर नव्हती. तिच्या जागी त्याच दिवसाची एक दुपार होती, कुंपणावर कावळा बसलेला.

मी कपाटातून जुनी बारनिशी काढली. निवृत्तीच्या दिवशी कोरी उरली म्हणून घरी आणलेली. तो अपराध येथेच कबूल करतो. शाईचे पेन धुतले, पहिल्या पानावर रेघा मारल्या, आणि पहिली नोंद घातली:

अनुक्रम १. संकष्टी, पहाटे ५ वाजून ४२ मिनिटे. इसम एक, नाव माहीत नाही. फुले पाच, जास्वंद, तांबडी. शेरा: जबाब ऐकू आला नाही.